घराची झाडलोट हा नीतीचा विषय आहे काय?

फाल्गुन सरत आला म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतून एक वार्षिक उलथापालथ सुरू होते. रब्बीचे धान्य खळ्यावरून घरात यावयाचे असते, पाडवा जवळ आलेला असतो, आणि उन्हाळ्याची कोरडी हवा भिंती वाळविण्यास अनुकूल असते. उतरंडी खाली येतात, कणग्या उन्हात पडतात, गोधड्या नदीवर जातात, आढ्याची जळमटे निघतात. भिंतीस पांढरी माती किंवा चुना व जमिनीस शेणाचे सारवण लागते. ही चाल आपल्याच देशाची आहे असेही नाही. इराणातील लोक नवरोजापूर्वी सगळे घर हालवून झाडतात. यहूदी लोक वल्हांडणापूर्वी घराचा कोपरा न् कोपरा शोधून खमीर बाहेर काढतात. ऋतू पालटला की घरही पालटावे, ही बुद्धी मनुष्यजातीस पुष्कळ ठिकाणी आपापली सुचलेली दिसते.

परंतु ह्या कामास आपण काय म्हणावे? ही केवळ रीत आहे, की सोय आहे, की कर्तव्य आहे? कित्येकांचे म्हणणे असे की, नीतीचा संबंध अंतःकरणाशी. खोटे न बोलणे, चोरी न करणे, दुसऱ्याचे वाईट न चिंतणे ही नीती. माळ्यावर जाळे आहे की नाही, ह्याच्याशी तिला काय करावयाचे? ह्याच्या उलट दुसऱ्या कित्येकांस वाटते की, ज्याचे अंगण स्वच्छ तो मनुष्य चांगला, व ज्याच्या घरी केर दिसला तो आळशी आणि हलका. विचार करून पाहता ही दोन्ही मते फसवी आहेत असे दिसून येईल. केर हे पाप नव्हे, व चकचकीत भांडी हे पुण्य नव्हे. तरी जे संकट आपल्या घरात आहे हे आपणास ठाऊक आहे, किंवा थोडे डोळे उघडले असता ठाऊक होईल, ते दुसऱ्याच्या वाटेत तसेच राहू देणे, हा नीतीचाच प्रश्न आहे.

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. सोवळे निराळे आणि स्वच्छता निराळी. सोवळ्याला कोणी शिवले ह्याची काळजी असते. स्वच्छतेला हातास काय लागले आहे ह्याची काळजी असते. सोवळ्यात असलेला मनुष्य गढूळ पाणी पिऊन आजारी पडू शकतो, आणि ज्याची सावलीही लोक टाळीत त्या मनुष्याचे घर आरशासारखे असू शकते. आपल्या देशात तर ह्या दोहोंची उलटीच सांगड घातली गेली: जे घाण करीत ते शुद्ध ठरले, व जे ती काढीत ते अशुद्ध ठरले. डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत बंद करण्यास सरकारास १९९३ साली कायदा करावा लागला, व तो पुरा पडेना म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात शिरले की आधी खराटा हाती घेत व संध्याकाळी कीर्तनास उभे राहत. त्यांच्या ह्या क्रमात एक मोठे तत्त्व आहे. खराटा हाती धरल्याने मनुष्य लहान होत नाही, हे त्यांनी सांगण्याच्या आधी करून दाखविले. तेव्हा ह्या लेखात स्वच्छता म्हणजे सोवळे नव्हे, हे वाचकांनी मनात धरावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. “माझे घर, माझी मर्जी, मी कसाही राहीन,” असे कोणी म्हणेल. हे म्हणणे खरे ठरले असते, जर घरातली घाण घरातच राहिली असती. पण ती तशी राहत नाही. एका घरामागे पडलेल्या फुटक्या रांजणात पाणी साठते. त्यात डास अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो, आणि तो कोणाच्या घरी जाऊन चावावयाचे ह्याची परवानगी रांजणाच्या मालकास विचारीत नाही. डेंग्यूचा ताप पसरविणाऱ्या डासाची अंडी पाण्याच्या पातळीच्या थोडी वर, भांड्याच्या आतील अंगास चिकटलेली असतात, आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून टाकणे पुरत नाही. आठवड्यातून एकदा भांडे आतून घासून कोरडे केले पाहिजे. कोरडा दिवस पाळा असे आरोग्यसेवक सांगतात, त्याचे कारण हे आहे.

उंदराची गोष्ट ह्याहून गंभीर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) ह्या जिल्ह्यांत हाहाकार केला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट-सप्टेंबर १९९४ मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला ह्या गावी गाठीचा प्लेग दिसून आला. भूकंपानंतर लोक घरे सोडून बाहेर राहिले, धान्य आत तसेच राहिले, आणि त्यावर उंदीर माजले, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. त्याच सप्टेंबरात सुरतेस फुप्फुसाच्या प्लेगाची साथ आल्याची बातमी पसरली व लक्षावधि लोक शहर सोडून पळाले. पुढील दोन-तीन वर्षांत त्याच सुरतेने आपले रस्ते व गटारे अशी साफ केली की देशातील स्वच्छ शहरांत तिची गणना होऊ लागली. जे काम भीतीनंतर झाले ते भीतीपूर्वीही होऊ शकले असते. कारण झाडू, माणसे व पैसा ही काही आकाशातून पडली नाहीत. “उंदीर पडू लागले” हे शब्द ऐकताच आपले आजे-पणजे गाव सोडून रानात राहावयास जात. मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा नवे रक्त शोधीत माणसाकडे येतात, हे कारण त्यांना ठाऊक नसेल. पण धोक्याची खूण त्यांनी अचूक ओळखली होती.

घरची घाण शेजाऱ्यास बाधते, हे मान्य केले की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: मग शेजाऱ्याने, किंवा सरकाराने, बळजबरीने माझे घर झाडावे काय? ह्याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. १८९७ साली पुण्यास प्लेग असता रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे शिपाई घरोघर शिरले. रोग हटावा हा हेतु होता. पण देवघर, माजघर, बायामाणसे ह्यांची कशाचीच भीड राखली गेली नाही, सामान बाहेर फेकले गेले, जाळले गेले. लोकांचा संताप असा वाढला की त्याच वर्षी २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली व त्या जखमेने तो पुढे मरण पावला. खून हा खूनच. त्याचे समर्थन करावयाचे नाही. परंतु स्वच्छतेसारखी चांगली गोष्टही अपमान करून लादली असता ती वैर उत्पन्न करिते, हा धडा त्यात आहे. आणि त्याच प्लेगात दुसरे एक उदाहरण घडले. सावित्रीबाई फुले ह्यांनी आजाऱ्यांची सेवा हाती घेतली. एका आजारी मुलास त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात नेले, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. एकाच साथीत हुकूम घेऊन लोकांच्या घरात शिरणारे हात होते, तसेच आजारी मुलाला उचलून घेणारे हातही होते. गावात स्वच्छतेचा उपदेश करावयास निघालेल्या प्रत्येक शिक्षकाने व उपदेशकाने ह्यांपैकी आपले हात कोणते, हे स्वतःस विचारावे. तात्पर्य, जे कर्तव्य आपण आपखुशीने करीत नाही ते कोणी तरी आपल्याकडून सक्तीने करवून घेतो. आणि सक्तीने केलेली झाडलोट शिपाई परत फिरला की थांबते.

येथवर झाडलोट का करावी हे पाहिले. आता खरी झाडलोट कोणती, हे पाहू. माझ्या मते तिची खूण ही की, तिच्यात काही तरी बाहेर जाते. झाकणे म्हणजे झाडणे नव्हे. ओल्या भिंतीवर चुन्याचा हात दिला की ती चार महिने पांढरी दिसते. ओल आत तशीच असते. मोडका पंखा, फाटके पोते, गंजलेला डबा आपण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेतो, तेथून माळ्यावर चढवितो, व घर साफ झाले असे म्हणतो. ह्या ‘असू दे, कधी तरी उपयोगी पडेल’ ह्या बुद्धीचे भयंकर उदाहरण किल्लारीच्या परिसरात दिसले. तेथील जुनी घरे दगड-मातीच्या रुंद भिंतींची व मातीच्या माळवदाची होती. माळवद गळू लागले की त्यावर आणखी माती टाकावयाची, अशी डागडुजीची रीत. जुनी माती खरवडून काढण्यापेक्षा वर नवा थर देणे सोपे. असे थर वर्षानुवर्षे चढून कित्येक छपरे हातभर, कोठे त्याहून अधिक जाड झाली होती. पावसापासून रक्षण करणारे तेच छप्पर त्या पहाटे निजलेल्या माणसांवर पडले. सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्या लोकांस दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांनी वडिलांची रीत पाळली, आणि घराची काळजीच घेतली. परंतु जी काळजी केवळ भर घालते व काही काढीत नाही, ती एके दिवशी ओझे होऊन अंगावर येते. मनाचेही असेच नव्हे काय? जुन्या भांडणावर गोड बोलण्याचा थर देणे आणि ते भांडण मिटविणे, ह्यांत तितकेच अंतर आहे.

तर मग काय बाहेर काढावे? येथे मी वाचकांस एक युक्ती सुचवितो. घर एकदा दोन वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून पाहावे. मोठ्या माणसास खाट दिसते. मुलास खाटेखालचे दिसते. बहुतेक शेतकऱ्यांच्या घरी पिकावर फवारण्याचे औषध असते, आणि ते बहुधा खाटेखाली, कोनाड्यात किंवा धान्याच्या पोत्यामागे असते. आपण त्याला औषध म्हणतो. परंतु ते विष आहे. कित्येकदा ते सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेले असते, आणि मूल ती बाटली तोंडास लावते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर विषबाधेने आजारी पडले व वीसहून अधिक प्राणास मुकले. उघड्या शेतात ते विष असे वागते, तर बंद खोलीत त्याला जागा देणे शहाणपणाचे होईल काय? ते कुलुपाच्या पेटीत, राहत्या घराबाहेर, मूळ डब्यातच असावे. व रिकामा डबा भोक पाडून निकामी करावा, त्यात पाणी किंवा तेल कधीही भरू नये. उंदरांसाठी आणलेल्या विषारी पेस्टचीही तीच गोष्ट. दात घासण्याची पेस्ट समजून ती तोंडात घातली गेल्याचे प्रकार घडतात, व तिने यकृत निकामी होते.

ह्या कुलुपाचा दुसराही एक उपयोग आहे, आणि तो बोलणे कठीण असले तरी बोलले पाहिजे. कर्जाने, भांडणाने किंवा नापिकीने मन काळे झालेल्या माणसाच्या हाताशी विष असणे व नसणे ह्यांत पुष्कळदा जिवाचे अंतर असते. श्रीलंकेत अतिजहाल कीटकनाशकांवर १९९५ पासून क्रमाक्रमाने बंदी आली, आणि पुढील वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. माणसांची दुःखे काही त्या वीस वर्षांत संपली नव्हती. पण अनावर क्षणी हाताशी विष नव्हते, आणि तो क्षण टळला की पुष्कळजण वाचतात. ज्या घरी कोणी खिन्न, अबोल असेल, तेथे विषाची बाटली बाहेर काढणे ही सर्वात मोठी झाडलोट होय. आणि अशा माणसाजवळ बसून त्याचे ऐकणे, त्यास डॉक्टराकडे नेणे, हे त्याच कामाचे दुसरे अंग होय.

इतर धोके थोडक्यात सांगतो. सांडलेल्या धान्यामागे उंदीर येतो, उंदरामागे साप येतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे आपल्याकडील चार मुख्य विषारी साप. पैकी मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्यांस चावते. म्हणून सरपण व गोवऱ्यांचा ढीग भिंतीस लागून नसावा, आणि तो हालविताना काठीने हालवावा, हाताने नव्हे. लाल विंचू दगड-विटांच्या फटीत राहतो. कोकणात त्याच्या दंशाने पूर्वी पुष्कळ माणसे मरत, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग १९८६ साली जगापुढे मांडला, तेव्हापासून ते मरण पुष्कळच आटोक्यात आले आहे. परंतु औषध दवाखान्यात मिळते, मांत्रिकाकडे मिळत नाही. दंशावर कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. रोग्यास धीर देऊन न चालविता दवाखान्यात न्यावे. स्वयंपाकाच्या गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी, व चिरली असल्यास आजच, बदलावी. हा वायु हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साठतो. वास आल्यास दिव्याचे बटण लावू नये अथवा बंदही करू नये, दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे. चुना भिजविताना पाण्यात चुना थोडाथोडा टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. तो उसळतो, व डोळ्यात गेल्यास दृष्टी जाते. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे आम्ल एकत्र केल्यास विषारी क्लोरीन वायु निघतो, तो बंद जागेत प्राणघातक होतो. स्वच्छतेच्या उत्साहातही विवेक सुटू नये.

अजून दोन प्रश्न उरले, व तेच ह्या विषयाची खरी कसोटी आहेत. पहिला हा की, काढलेला केर जातो कोठे? पुष्कळ घरे स्वच्छ होतात ती शेजाऱ्याच्या कुंपणाला, गावच्या ओढ्याला किंवा खालच्या आळीला घाण देऊन. ही स्वच्छता नव्हे, हे घाणीचे स्थलांतर होय. ओढ्यात टाकलेले प्लास्टिक पहिल्या पावसात मोरीच्या तोंडाशी अडकते व पाणी सखल भागातील घरांत शिरते. आणि सखल भागात कोण राहतो, हे खेड्यात कोणास सांगावे लागत नाही. ते प्लास्टिक अंगणात जाळले तर त्याचा विषारी धूर पाळण्यातल्या मुलाच्याही छातीत जातो. शेण, पाला, राख उकिरड्यात जावी व तिचे खत व्हावे. काच, पत्रा, प्लास्टिक निराळे ठेवून भंगारवाल्यास किंवा ग्रामपंचायतीच्या गाडीस द्यावे. फुटकी काच उघडी टाकू नये, कारण ती उचलणाराही हात असतो.

दुसरा प्रश्न हा की, झाडतो कोण? वर्षाची ही उलथापालथ घराची म्हणविली जाते. पण बहुतेक ठिकाणी ती एकट्या बाईची असते. चुलीच्या धुराने जी वर्षभर खोकते, तीच डगमगत्या तिवईवर चढून जळमटे काढते, आणि पुरुषमंडळी पारावर बसून घर लवकर आवरत नाही म्हणून कुरकुर करितात. घराचे आरोग्य सुधारावयाचे, आणि ते करताना घरातील एकीचा जीव धोक्यात घालावयाचा, ह्यास न्याय म्हणता येत नाही. शिडी धरणे, माळा उतरविणे, पाणी आणणे, जड कणगी हालविणे, ही कामे पुरुषांनी व मोठ्या मुलांनी केली पाहिजेत; आणि झाडणाराने नाकातोंडास ओले फडके बांधले पाहिजे. मजुरीने माणूस लावले असेल तर पूर्ण दाम, पिण्यास त्याच भांड्यातले पाणी, आणि घाणीच्या कामास हातमोजे द्यावेत. ज्या घराने वेगळा पेला ठेविला, त्या घराचा चुना कितीही पांढरा असो, ते घर झाडले गेले असे मी म्हणणार नाही.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो खरोखर वजनदार आहे. कोणी म्हणेल, “गुरुजी, दोन खणांच्या घरात सात माणसे, एक शेळी आणि धान्य, चैत्रात पाणी मैलावरून डोक्यावर येते. आम्हास तुमचा उपदेश कशाला?” ह्याचे उत्तर असे की, कर्तव्य ऐपतीप्रमाणे मोजावे. ज्यास एक घागर पाणी मिळते त्याच्याकडून दहा घागरींची स्वच्छता मागणे हा अन्याय आहे. आणि ज्याच्या दारी नळ आहे त्याने अशा घराकडे बोट दाखविणे हा त्याहून मोठा अन्याय आहे. दारिद्र्याला घाण म्हणून हिणविण्याची सवय आपल्या समाजास जुनीच आहे, व आपल्यातील पुष्कळांच्या वडिलांनी ती सोसलेली आहे. तरी काही गोष्टींस पाणीही लागत नाही व पैसाही लागत नाही. विषाची बाटली हालविण्यास पाणी लागत नाही. अंथरूण उन्हात टाकण्यास, खिडकी उघडण्यास, फुटका रांजण पालथा घालण्यास पैसा लागत नाही. आणि ज्या गोष्टींस खरोखर पाणी व पैसा लागतो, त्या एकट्या घराच्या नव्हेत, सबंध गावाच्या आहेत. त्यांसाठी ग्रामसभेत उभे राहून मागणी करणे हाही झाडलोटीचाच भाग समजावा.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. घराची झाडलोट स्वतः पुण्य नव्हे. ती देखाव्यासाठी केली तर रंगरंगोटी होय. शेजाऱ्याच्या दारात लोटली तर अपराध होय. एकीच्याच पाठीवर लादली तर जुलूम होय. पण जो मनुष्य घरातील धोका शोधतो, तो झाकीत नाही तर काढतो, काढलेला दुसऱ्याकडे ढकलीत नाही, आणि हे काम आपल्या हाताने वाटून घेतो, त्याने शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा एक अगदी साधा मार्ग धरिला आहे. वाचकहो, ह्या चैत्रात भिंतीस चुना लावण्यापूर्वी खाटेखाली वाकून पाहा. आणि तेथे काय सापडते, ते मुलांच्या हाती लागण्याआधी बाहेर काढा.